अपडेटनंतर ब्राउझरमधला सवयीचा सर्च गेला, तो परत आणता येईल का?

तुम्ही विचारलंय की शब्द टाइप करून एंटर मारला की थेट हव्या त्या शब्दकोशात जायची सोय अपडेटनंतर गेली, आता सगळं एकाच सर्च इंजिनकडे जातं, यावर उपाय आहे का. आणि घरचे म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून काय चिडायचं!

उपाय आहे. आणि चिडण्यात तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगते, कारण मी यातून गेले आहे.

मी म्हापशात जुन्या पोर्तुगीज कागदांची भाषांतरं करते. 1961 पर्यंत गोव्यातले सरकारी दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये व्हायचे. वाटणीपत्र, कोमुनिदादीचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचं) आफ्रामेंत म्हणजे जमिनीचा दीर्घ भाडेपट्टा, जमिनीची मात्रीज म्हणजे महसुलाच्या वहीतली नोंद, हे कागद आजही लोकांना कोर्टकामात लागतात. हस्ताक्षर किचकट, शाई फिकट. मी डाव्या हाताचं बोट कागदावरच्या ओळीवर ठेवते आणि उजव्या हाताने शब्द टाइप करते. ॲड्रेस बारशेजारी सर्चचा छोटा चौकोन होता, त्यात एका जुन्या पोर्तुगीज कोशाचा शोध डिफॉल्ट म्हणून लावलेला. नजर कागदावरून जेमतेम उचलावी लागायची.

एका सकाळी बार्देसमधल्या एक मावशी आजेसासऱ्यांच्या वेळचा कागद घेऊन समोर बसल्या होत्या. त्यात 'इपोतेका' हा शब्द होता, म्हणजे गहाण. पोर्तुगीज शुद्धलेखनात 1911 मध्ये मोठी सुधारणा झाली. त्याआधीच्या कागदांत हा शब्द वाय आणि टीएच घालून लिहिलेला असतो, नंतरच्या कागदांत साधा आय आणि टी. मला जुनंच स्पेलिंग कोशात बघायचं होतं. सवयीने टाइप केलं, एंटर मारला. ब्राउझर रात्रीत अपडेट झाला होता. चौकोन गायब, शब्द गेला सर्च इंजिनकडे. त्याने माझं स्पेलिंग चुकलंय असं धरून ते स्वतःच बदललं आणि वर कर्जाच्या जाहिराती दाखवल्या. मी स्क्रीनकडे बघत राहिले, बोट ओळीवरून सरकलं. मावशी कोंकणीत विचारतात, "मेळ्ळें गो बाय?" (सापडलं का गं?) आणि मी ओळ पुन्हा पहिल्यापासून लावतेय.

'दोन क्लिक जास्त पडले तर काय बिघडलं' म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. क्लिकचं काही नाही हो, लागलेली तंद्री मोडते. दिवसातून शंभर वेळा मोडली तर काम तेवढंच होऊनही माणूस दमून घरी जातो.

कंपन्या असं का करतात, याला कधीकधी खरं कारण असतं. फायरफॉक्समध्ये पूर्वी ॲड्रेस बारमधून होणारा शोध कुठे जावा हे ठरवणारी 'कीवर्ड यूआरएल' नावाची वेगळी सेटिंग होती. ऑगस्ट 2013 मध्ये आलेल्या 23व्या आवृत्तीत ती काढली. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे टूलबार हीच सेटिंग गुपचूप बदलून लोकांचा शोध आपल्याकडे वळवत होते. कारण मला पटतं. पण ज्यांनी ती सेटिंग स्वतःच्या हाताने लावली होती त्यांचीही सोय त्यात गेली, ते मला अजिबात पटत नाही. पुढे नोव्हेंबर 2017 मधल्या 57व्या आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांना वेगळा सर्च चौकोन आपोआप दिसेनासा झाला. मात्र तो काढून टाकलेला नाही. टूलबारवर उजवं क्लिक करून 'कस्टमाइज टूलबार' उघडा, चौकोन तिथे सापडेल, ओढून वर आणा.

त्याहून टिकाऊ सोय बुकमार्कची आहे, आणि मी आता तिच्यावरच चालते. कोशाच्या साइटवर कुठलाही एक शब्द शोधा, समजा 'घर'. निकालाचं पान आलं की त्याचा पत्ता बुकमार्क करा. मग बुकमार्क मॅनेजरमध्ये जाऊन त्या पत्त्यात जिथे 'घर' आलंय (कधीकधी तो टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन दिसतो) तेवढा भाग खोडून टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून छोट्या लिपीतला इंग्रजी एस लिहा. खाली 'कीवर्ड'चा रकाना असतो, त्यात एक अक्षर द्या. झालं. ॲड्रेस बारमध्ये ते अक्षर, स्पेस, शब्द, एंटर.

कीवर्ड देवनागरीतही देता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा 1857चा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याला मी 'म' दिलाय. मराठी टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर न्यावा लागत नाही. पोर्तुगीज कोशांना इंग्रजी अक्षरं ठेवली आहेत.

क्रोममध्ये हेच सेटिंग्ज, सर्च इंजिन, मग 'मॅनेज सर्च इंजिन्स अँड साइट सर्च' इथे करता येतं. तुमचे जुने शॉर्टकट नाहीसे झालेत असं वाटलं तर त्याच पानावर 'इनॲक्टिव्ह शॉर्टकट्स' बघा. बऱ्याचदा ते तिथे पडून असतात, 'ॲक्टिव्हेट' दाबलं की चालू होतात. अक्षरानंतर स्पेस दाबून उपयोग होत नसेल तर तिथेच स्पेस की टॅब ही निवडही आहे.

'जुना सर्च परत मिळवा' म्हणणारी अनोळखी एक्स्टेन्शन्स मात्र घालू नका, 2013चा तो टूलबारचा प्रकार हाच होता. अपडेटही बंद करू नका, त्यातूनच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. कामाच्या मशीनवर सारखे बदल नको असतील तर फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती घ्या. नेहमीच्या फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी येते. ईएसआरमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येतात, पण मोठे बदल वर्षातून साधारण एकदाच. माझ्या ऑफिसच्या मशीनवर तीच आहे. आणि बुकमार्क एचटीएमएल फाईल म्हणून एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. फायरफॉक्सच्या त्या फाईलमध्ये कीवर्डही जातात, मशीन बदललं तरी लगेच परत येतात.

एका ठिकाणी ही युक्ती चालत नाही. शोधलेला शब्द निकालाच्या पत्त्यात दिसतच नसेल तर बुकमार्कला तो कुठे घालायचा हे कळत नाही. गोव्यात एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढताना तालुका, गाव, सर्व्हे नंबर असं एकेक निवडत जावं लागतं, तसल्या फॉर्मचं हेच होतं. तुमचा शब्दकोश त्यातला निघाला तर साइटचं नाव इथे खाली लिहा, मी उघडून बघते आणि सांगते.