कर्ज नाही, उधारी आहे

(समाज आणि पैसा यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात अर्थशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका उत्तरं देतात.)

प्रश्न : माझी मुलगी अर्थशास्त्रात एम. ए. करते आहे. प्रबंधिकेसाठी तिने मालेगावच्या मागवाल्यांचा (यंत्रमाग चालवणाऱ्यांचा) विषय घेतला आहे. त्यांना भांडवल कुठून मिळते, हिंदू सूतव्यापारी आणि मुस्लिम मागवाले यांचा व्यवहार कसा चालतो, वगैरे. तिच्या आजीचे म्हणणे, 'तिकडे एकटीने कशाला जायचे?' माझा आक्षेप वेगळा आहे. अशा अभ्यासाने कुणाचे काय भले होते? अहवाल येतात आणि कपाटात जातात. तुम्ही स्वतः तिथे काम केले आहे असे या सदरात वाचले होते, म्हणून विचारतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी आजींचं. १९८७ साली मी पहिल्यांदा मालेगावला निघाले तेव्हा माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. मी तिला न जुमानता गेले आणि फजिती करून घेतली, पण ती वेगळ्याच कारणाने. मोसम नदीचा पूल ओलांडला की मागांचा खडखडाट कानावर येईल, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मी गल्लीमागून गल्ली पालथी घातली, तर चिडीचूप. शेवटी ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी फाईल, छत्री आणि चेहरा बघून विचारलं, 'बेटी, आज जुमा है. आज कौन माग चलाएगा?' मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. वस्त्रोद्योगावर मी शंभर पानं टिपणं काढली होती, त्यात हे कुठेच नव्हतं. त्यांनी चहा पाजला आणि बसस्टँडपर्यंत नातवाला सोबत दिलं. तेव्हा आजींना सांगा, मुलीने शनिवारी जावं. बाकी काळजी जितकी कुठल्याही परक्या गावात घ्यायची तितकीच.

आता तुमचा आक्षेप. माझ्या छापील प्रश्नावलीत सातवा प्रश्न होता, 'आपण कर्ज घेतले आहे का?' पहिल्या आठवड्यात एकाही मागवाल्याने 'हो' म्हटलं नाही. मी खूश झाले. निष्कर्ष तर आयताच हातात होता: इस्लामला व्याज निषिद्ध, म्हणून हा समाज कर्जापासून लांब राहतो, म्हणून भांडवल नाही, म्हणून धंदा वाढत नाही. माझ्या मार्गदर्शकांनासुद्धा तो पटला असता.

मग एका दुपारी सहा मागांच्या एका कारखान्यात बसले होते. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. इतका आवाज, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. तेवढ्यात काखेत लाल कापडी वही धरून सूतव्यापाऱ्याचा मुनीम आला. मालकाने गल्ल्यातून नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या. मुनिमाने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि तो पाणी पिऊन गेला. मी विचारलं, हे काय? 'सुताचे पैसे.' म्हणजे तुम्ही कर्ज घेतलंय की! तो माणूस चक्क रागावला. 'कर्ज़ा कहाँ? ये तो उधारी है.'

मग पुढचे दोन महिने मी फक्त उधारीच विचारत फिरले. कुणाचं सूत उधारीवर नव्हतं? सगळ्यांचंच होतं. रोखीचा भाव एक, उधारीचा दुसरा. गठ्ठ्यामागे फरक थोडाच असायचा, म्हणून डोळ्यांत येत नसे. मी घरी बसून तो फरक वर्षाच्या हिशेबात मांडला, तर बँकेच्या दराच्या कितीतरी वर गेला. व्याज होतंच, फक्त ते भावाच्या पोटात होतं. घेणाऱ्याला आपण व्याज देतोय असं म्हणावं लागत नव्हतं, देणाऱ्याला ते वहीत लिहावं लागत नव्हतं. दोघंही एकमेकांना सोडू शकत नव्हते. याला मी सलोखा म्हणणार नाही. धनको-ऋणकोचं नातं होतं ते, आणि त्यात वरखाली कोण हे दोघांनाही ठाऊक होतं. पण गावात तणाव असला आणि पूल सुनासुना झाला, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पलीकडे मागवाल्यांच्या वस्तीत जाणारा पहिला माणूस तो मुनीमच असायचा.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारता. धोरण आखणाऱ्याने माझा पहिला निष्कर्ष उचलला, तर तो म्हणेल, यांना बिनव्याजी पैसा द्या, सगळं सुटेल. तशी चर्चा झालीही. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकव्यवहारांना वाव द्यावा असं सुचवलं होतं, नंतर रिझर्व्ह बँकेने विचार केला आणि २०१७ मध्ये तो सोडून दिला. दुसरा निष्कर्ष उचलला, तर मात्र तो विचारेल की व्याज द्यायला हा माणूस आजही तयारच आहे आणि देतोही आहे, मग बँक त्याच्या गल्लीत का येत नाही? मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करायला नेमलेल्या सच्चर समितीने नोंदवून ठेवलंय की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग कर्जासाठी 'नकारात्मक' ठरवून टाकले होते. म्हणजे अडचण मागवाल्याच्या धर्मात शोधायची की बँकेच्या नकाशात, हे एका शब्दावर ठरलं. कर्ज म्हणायचं की उधारी.

आणखी एक राहिलं. माझ्या प्रश्नावलीत 'घरातील काम करणाऱ्या व्यक्ती' असा रकाना होता. घरोघरी बायका 'कुछ नहीं करती' असं सांगायच्या आणि सांगताना त्यांचे हात मागासाठी सुताच्या कांड्या भरत असायचे. मी एकीला म्हटलं, हे काय मग? ती म्हणाली, 'ये काम थोडी है, ये तो घर का है.' सरकारी पाहण्यांतही अशी बाई बहुधा 'घरकाम' या रकान्यात जाऊन बसते. तुमच्या मुलीला सांगा, तोंडाच्या उत्तराबरोबर हाताकडेही बघ.

कपाटात जाणाऱ्या अहवालांबद्दल तुमची चीड मला पटते. माझी स्वतःची प्रबंधिकाही कपाटातच आहे. पण सगळे जात नाहीत. तुमची पगाराची चिठ्ठी काढा. त्यात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला म्हणून लागला. त्याआधी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात कामाच्या हमीचा प्रयोग करून पाहिला होता. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून दांडेकर आणि रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला आणि उपाय म्हणून सार्वजनिक कामंच सुचवली. पुढच्याच वर्षी दुष्काळ आला. १९७७ मध्ये राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला आणि २००५ मध्ये त्याच धर्तीवर देशाचा झाला. म्हणजे नोकरीत असेपर्यंत दर महिन्याला तुम्ही स्वतःच एका अभ्यासाची वर्गणी भरत आलात.

प्रश्न : आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर माझे मेहुणे ठामपणे लिहितात की, मुसलमानांची सगळी मुले मदरशात जातात, म्हणून ते मागे. वर 'सच्चर अहवालात आहे' असेही लिहितात. खरे काय?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मेहुण्यांनी अहवाल उघडलेला नाही, एवढं मी छातीठोक सांगते. अहवालात बरोबर उलटं आहे. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी ३ टक्क्यांच्या आसपास निघाली. गोंधळ होतो तो मकतबमुळे. मशिदीला लागून असलेल्या मकतबात मुलं सकाळ-संध्याकाळ तासभर कुराण वाचायला जातात आणि दिवसा नेहमीच्या शाळेत. आपल्याकडे कुणी संध्याकाळी संस्कारवर्गाला जातं, म्हणून त्याला शाळेतून काढलं असं आपण म्हणतो का?

मागासलेपण मात्र खरंच आहे, आणि तेही त्याच अहवालात आहे. न्या. राजिंदर सच्चर यांची समिती मार्च २००५ मध्ये नेमली गेली, अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. २००१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत मुस्लिम १३.४ टक्के. आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४, परराष्ट्र सेवेत १.८. साक्षरता ५९.१ टक्के, देशाच्या सरासरीहून जवळजवळ सहा टक्के कमी. हे आकडे ग्रुपवर टाका. मेहुणे ग्रुप सोडून गेले, तर बहिणीला आधी फोन करा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत 'अमुक लोकांना' घर भाड्याने द्यायचे नाही असा अलिखित नियम आहे. मी सेक्रेटरी आहे. सभासद म्हणतात, यात भेदभाव नाही, फक्त खाण्यापिण्याचा प्रश्न आहे. तुमचे मत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खाण्याचा प्रश्न असेल, तर भाडेकरूला आधी 'तुम्ही काय खाता' असं विचारलं जायला हवं. तुमच्याकडे विचारतात आडनाव.

अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी पॉल ॲटवेल यांनी नोकरीच्या बाबतीत हेच तपासलं होतं. त्यांचा लेख २००७ मध्ये आला. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना त्यांनी काही हजार अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखंच. फरक फक्त नावात. एक नाव सवर्ण हिंदू वाटेल असं, एक दलित, एक मुस्लिम. मुलाखतीचं बोलावणं सर्वांत जास्त पहिल्या नावाला, त्याहून कमी दुसऱ्याला, सर्वांत कमी तिसऱ्याला. तिथे अर्जदार काय जेवतो हे कुणाला माहीतही नव्हतं.

तुम्ही सेक्रेटरी आहात, तेव्हा एक करा. अलिखित नियम सर्वसाधारण सभेपुढे लेखी ठेवा आणि त्याखाली सूचक-अनुमोदकाच्या सह्या मागा. बघा किती जण पेन काढतात ते.

प्रश्न : इफ्तार पार्ट्या आणि तिळगूळ समारंभ यांनी दोन धर्मांतले अंतर खरोखर कमी होते का?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : भिवंडीहून हा प्रश्न यावा, हे मला जरा गमतीचं वाटलं. उत्तर तुमच्याच गावात आहे.

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकांनी शहरांच्या जोड्या लावून पाहिल्या. अलिगढ आणि कोळिकोड, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. दंगली वारंवार कुठे होतात आणि कुठे होत नाहीत, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांना असं दिसलं की खेड्यात रोजची उठबस पुरते; शहरात ती पुरत नाही. शहरात दोन्हीकडची माणसं एकाच व्यापारी मंडळात, एकाच कामगार संघटनेत, एकाच पक्षात असावी लागतात. अफवा उठली की फोन कुणाला करायचा हे अशा ठिकाणी आधीच ठरलेलं असतं. इफ्तार वर्षातून एकदा, तिळगूळ वर्षातून एकदा. अफवेला तारीख-वार नसतो.

भिवंडीत १९७० आणि १९८४ च्या दंगलींत काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. १९८८ पासून सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या, दोन्ही समाजांची माणसं त्यांत घेतली आणि साध्या शिपायांना त्यांच्याशी जोडून दिलं. बडे पुढारी नव्हे, गल्लीतलीच माणसं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. शेजारची भिवंडी शांत राहिली. मुंबईत मोहल्ला समित्यांचं काम उभं राहिलं ते त्यानंतर.

वार्ष्णेयांशी माझं एका बाबतीत जमत नाही. धंद्यातले संबंध ते सरसकट जमेच्या बाजूला धरतात असं मला वाटतं. वर सांगितलेल्या मुनिमाची वही मी पाहिली आहे. तीत दोघं एका पातळीवर नव्हते. पण इफ्तारला जरूर जा. खजूर चांगले असतात.

प्रश्न नव्हे, तक्रार : गेल्या अंकात तुम्ही 'खर्चीवाला' म्हणजे मागावर मजुरी करणारा कामगार असे लिहिले. ते चूक आहे. मी स्वतः खर्चीवाला आहे. माग माझे आहेत. सूत व्यापाऱ्याचे. कापड विणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. व्याख्या दुरुस्त करावी.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : चूक माझीच. ज्या गावात १९०४ पासून यंत्रमाग चालतो, तिथल्या शब्दाबद्दल तिथल्या कुणाला न विचारता लिहिलं. मालेगावात दोन वर्षं काढल्यामुळे मला सगळंच ठाऊक आहे असा माझा समज झाला होता.

पण तुमच्या चार ओळींनी एक जुना प्रश्न पुन्हा उकरला. सच्चर अहवालात एक आकडा आहे: मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात, हिंदू कामगारांपैकी ५५ टक्क्यांच्या आसपास. वाचताना वाटतं, बरं आहे, आपापल्या धंद्याचे मालक आहेत. तुम्ही त्या तक्त्यात कुठे बसता? माग तुमचे म्हणून मालक. पण सूत तुमचं नाही, कापड तुमचं नाही, 'पिकां'वर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरणारी मजुरीही तुमच्या हातात नाही. व्यापाऱ्याने ताण्याचं सूत गुंडाळलेलं बीम दिलं नाही तर माग उभे, विजेचं बिल मात्र चालू. तक्ता तुम्हाला स्वयंरोजगारात घालतो आणि पुढच्या ओळीकडे जातो.

मजुरीचा दर शेवटचा कधी वाढला आणि तो ठरवायला कोण कोण बसलं होतं, हे कळवाल का? पुढच्या अंकात छापीन. आणि या वेळी छापण्याआधी तुम्हाला वाचून दाखवीन.