आधी पॉलिसी परत करा, मग कर्जाचं बघू

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आहे. वय ५३, खासगी नोकरी. मुलीला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळालाय, दोन वर्षांचा खर्च ५५ लाख, हाताशी १५. प्रश्न असा: दुसऱ्या वर्षी असिस्टंटशिप (विद्यापीठात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम) मिळेलच, तिच्या सिनियरला मिळाली होती, मग ४० ऐवजी २० लाखांचंच कर्ज घेऊ का? शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने कर्जाच्या हप्त्यांची सोय म्हणून विमा कंपनीचा गॅरंटीड इन्कम प्लॅन दिलाय. वर्षाला ४ लाख भरायचे, १० वर्षं. बाराव्या वर्षापासून दरसाल ६ लाख मिळणार, १२ वर्षं. पॉलिसी १९ दिवसांपूर्वी ईमेलवर आली.’

साहेब, कर्ज राहू द्या बाजूला. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, त्याला फ्री-लूक म्हणतात. (तुम्हाला हे कालच ईमेलने कळवलंय, दिवस मोजकेच आहेत.) अर्ज मॅनेजरकडे नाही, थेट विमा कंपनीकडे द्या आणि तारखेची पोच घ्या. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि झालेल्या दिवसांचं विमाशुल्क कापून बाकी पैसे परत येतात. मॅनेजरचा फोन येईल, ‘सर, एक वर्ष तरी चालवा.’ हो म्हणू नका.

प्लॅनमध्ये ४० लाख भरून ७२ मिळतात खरे, पण मधली वर्षं धरली तर परतावा जेमतेम पाच टक्के. कर्ज ११ टक्क्यांचं. शिवाय कर्जाचे हप्ते अडीच वर्षांनी सुरू होणार आणि प्लॅनचे पैसे बाराव्या वर्षी. मधे काय भरायचं, हे त्या मॅनेजरने सांगितलं का? तोवर तुम्ही निवृत्तही झालेले असाल.

तेच वर्षाचे ४ लाख कर्जाच्या व्याजाला लावा. दर सेमिस्टरला १० लाख उचलले तर पहिल्या वर्षी व्याज पावणेदोन लाखांच्या आत, दुसऱ्या वर्षी चारच्या आत. व्याज साचू दिलंत तर ४० चे ४८ होतात आणि दहा वर्षांचा हप्ता ६६ हजारांवर जातो. भरत राहिलात तर ५५ हजार. शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्याला आणि मुलींना काही सरकारी बँका दरात थोडी सूट देतात, तीही विचारा.

आता तुमचा प्रश्न. कर्ज पूर्ण ४० चं मंजूर करून घ्या, लागेल तसं उचला. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. २० वर थांबलात आणि असिस्टंटशिप हुकली, तर दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी ऐनवेळी मिळेल त्या दराने पैसे घ्यावे लागतील. असिस्टंटशिपा बहुतेक पीएचडीवाल्यांना जातात. मुलीच्या प्रवेशाच्या पत्रात असिस्टंटशिपबद्दल ‘विचार केला जाईल’ एवढंच आहे, म्हणजे हिशेबात शून्य. सिनियरला मिळाली होती हे कारण होत नाही. कॅम्पसवरचं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपुरतंच; त्यातून किराणा भागेल, फी नाही.

मुलीला विभागाला एक ईमेल पाठवायला सांगा: गेल्या वर्षी एमएसच्या किती विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप मिळाली, आणि तिच्यासोबत फी माफ झाली का? उत्तर आलं की मला कळवा.