केरीत घर घेण्यापूर्वी काउंटीचा कारभार समजून घ्या

नमस्कार. पुण्याहून नॉर्थ कॅरोलायनातील केरी येथे सहकुटुंब येताना घर वेक काउंटीत पाहावे की चॅटम काउंटीत (काउंटी म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), आणि काउंटीचे कमिशनर म्हणजे आपल्याकडच्या महापालिका आयुक्तांसारखे अधिकारी का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते कळल्यावर पहिला प्रश्न बराच सोपा होतो.

कमिशनर हे अधिकारी नव्हेत. ते चार वर्षांसाठी निवडून आलेले लोकप्रतिनिधी आहेत. त्यांचे मंडळ दर डिसेंबरात आपल्यातूनच अध्यक्ष निवडते आणि रोजच्या कारभारासाठी काउंटी मॅनेजर नेमते. आपल्या जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य शासन पाठवते. येथे मॅनेजरला ठेवणे किंवा काढणे मंडळाच्याच हाती असते. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, मात्र स्वतंत्रपणे निवडून येतो. रस्ते तर काउंटीकडे नाहीतच; १९३१ साली राज्याने ते आपल्याकडे घेतले, तेव्हा खड्ड्याची तक्रार घेऊन कमिशनरांकडे जाऊ नये.

त्यांची खरी सत्ता पैशांत आहे. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. त्याआधी मॅनेजर अंदाजपत्रक मांडतो, जाहीर सुनावणी होते आणि मंडळ मालमत्ता कराचा दर ठरवते. हा दर घराच्या दर १०० डॉलर मूल्यामागे सेंटमध्ये सांगतात. वेकमध्ये २०२४ साली फेरमूल्यांकन होऊन घरांची मूल्ये एकदम चढली, तेव्हा मंडळाने दर ६५.७ सेंटवरून ५१.३५ सेंटवर आणला. त्या दराने ५,००,००० डॉलरच्या घराला वर्षाला सुमारे २,५६८ डॉलर काउंटी कर बसतो, आणि केरी शहराचा कर त्याच बिलात वेगळा येतो. म्हणून घराचे मूल्य वाढल्याची नोटीस हाती पडली की घाबरून न जाता नवा दर जाहीर होईपर्यंत थांबावे.

आपल्याला मुलीच्या शाळेची काळजी आहे, म्हणून हे आवर्जून सांगते. येथील शाळा मंडळही निवडून येते, पण त्याला कर लावण्याचा अधिकार नाही; राज्याच्या निधीवर स्थानिक भर किती घालायची, हे कमिशनर ठरवतात. अंदाजपत्रकाच्या सुनावणीला मी एकदा शिक्षकांच्या पगारवाढीसाठी बोलायला गेले होते. नाव नोंदवले, पाळी आली, आणि तीन मिनिटांत मुद्दा मांडून संपवावा लागला. माझ्यापुढे एक निवृत्त गृहस्थ कर वाढवू नका म्हणून तितक्याच कळकळीने बोलले, आणि मंडळाने दोघांचेही शांतपणे ऐकून घेतले. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर मतदान करता येत नाही, पण सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. आपल्या लोकांपैकी फार थोडे जण ही संधी घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता पहिला प्रश्न. केरीचा बहुतेक भाग वेकमध्ये असला तरी पश्चिमेकडचा काही भाग चॅटममध्ये मोडतो. पत्त्यावर दोन्हीकडे केरीच लिहिलेले असते, पण चॅटमच्या बाजूला पाच कमिशनरांचे वेगळे मंडळ, करदर वेगळा आणि शाळाही चॅटम काउंटीच्या. वेकमध्येसुद्धा जवळची शाळा भरलेली असल्यास नव्याने आलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवतात. त्यामुळे सही करण्यापूर्वी नेमक्या पत्त्याची काउंटी कोणती, शाळा कोणती आणि त्या शाळेत नवे प्रवेश चालू आहेत का, हे एजंटच्या तोंडी शब्दावर न सोडता शाळा विभागाकडून स्वतः खात्री करून घ्यावे.