बेलफास्टमधली शाळा 'एकत्र' कशी होते?

प्रश्न : माझी बहीण उत्तर आयर्लंडमध्ये राहते. तिथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक मुलांच्या शाळा वेगळ्या असतात. मुलाची शाळा दोन्ही समाजांची व्हावी असे तिला वाटते. पालकांना काही करता येते का?

उत्तर : येते. शाळा 'एकत्र', म्हणजे दोन्ही समाजांची, करण्याची मागणी करायचा हक्क १९८९च्या शिक्षण सुधारणा आदेशाने पालकांना दिला आहे. पटावरील मुलांच्या संख्येच्या किमान २०% इतक्या पालकांनी लेखी मागणी केली, की टपालाने गुप्त मतदान घ्यावे लागते. शाळेचे नियामक मंडळही ठराव करून ते घेऊ शकते. मतदान ५०% पेक्षा कमी झाले तर १४ दिवसांत दुसरी फेरी होते. म्हणून सह्यांपेक्षा मतपत्रिका परत पाठवून घेण्यावर जोर द्यावा.

साधे बहुमत मिळाले तरी काम संपत नाही. पुढे विकास प्रस्ताव (शाळेचे स्वरूप बदलण्याचा औपचारिक प्रस्ताव) जातो आणि अंतिम निर्णय शिक्षणमंत्र्यांचा असतो. खरी अडचण इथेच येते. बँगर अकॅडमी या प्रामुख्याने प्रोटेस्टंट मुलांच्या शाळेत सुमारे ८०% मतदार पालकांनी होकार दिला, तरी जानेवारी २०२५ मध्ये मंत्र्यांनी नकार दिला. पुरेशी कॅथलिक मुले येतील असे त्यांना वाटले नाही. आमच्या मते हा पालकांवर अन्याय आहे. त्यामुळे बहिणीने आधी मंडळाला विचारावे : पहिल्या वर्गात दुसऱ्या समाजाची मुले किती, आणि ती कुठल्या वस्तीतून येणार? हिंदू मुलाची नोंद 'इतर' अशी होते, त्याने ही तूट भरत नाही.