दुबईला जाऊन मॉलच बघायचा? वाचक विचारतात, आम्ही सांगतो

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं दुबईची, आणि त्यातली बरीचशी एकाच मॉलबद्दल. थंडीचे दिवस, मुलांच्या सुट्ट्या आणि तिकडचं शॉपिंग फेस्टिव्हल सगळं एकदम येतं त्यामुळे असेल. बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: आमच्या चार रात्रींच्या पॅकेजमध्ये एक अख्खी दुपार ते रात्र "दुबई मॉल" लिहिलंय. मिस्टर म्हणतात मॉल बघायला विमानाचं तिकीट कशाला काढायचं, आपल्याकडे काय कमी आहेत का. तो वेळ दुसरीकडे वापरावा का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: मिस्टरांना सांगा की खरेदीला नाही, नुसतं बघायला चाललोय, आणि क्रेडिट कार्ड हवं तर त्यांच्याच खिशात ठेवा. गंमत सोडा, पण प्रश्न बरोबर आहे त्यांचा. नुसत्या दुकानांसाठी जायचं असेल तर खरंच जाऊ नका, बाराशेच्या वर दुकानं आहेत तिथे आणि त्यातली निम्मी तुम्हाला इथेही दिसतात, उरलेल्या निम्म्यांत आपण दारातूनच आत डोकावून पुढे जातो. बघायचं ते दुकानांच्या मधे जे आहे ते.

तळमजल्यावर जाता जाता एकदम समोर भिंतभर पाणी दिसतं. १ कोटी लिटरची टाकी, आत शार्क आणि चादरीएवढे रे मासे, आणि समोरची काच (काच नाहीच ती, अ‍ॅक्रिलिक आहे) जवळजवळ ३३ मीटर रुंद, ८ मीटरहून उंच आणि पाऊण मीटर जाड. २००८ मध्ये मॉल उघडला तेव्हा गिनीजमध्ये नोंद झाली होती तिची. मिस्टर इंजिनीअर असतील तर मासे बाजूला राहतील आणि ते त्या जाडीकडेच बघत बसतील, तेवढ्या पाण्याचा दाब पेलायचा म्हणजे काय. हे सगळं बाहेरून फुकट दिसतं. तिकीट काढायचं ते ४८ मीटरच्या बोगद्यातून चालायला आणि वरचं प्राणिसंग्रहालय बघायला, पोरं बरोबर असतील तर काढा, दोघंच असाल तर बाहेर उभं राहून पोट भरतं.

मग डायनासोर. खराखुरा, म्हणजे सांगाडा खरा. डिप्लोडोकस जातीचा, साधारण साडेपंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, अमेरिकेत वायोमिंगमध्ये २००८ साली सापडला आणि २०१४ पासून या मॉलमध्ये उभा आहे, नाकापासून शेपटीपर्यंत २४ मीटर. आजूबाजूला लोक सोन्याच्या बांगड्या बघतायत आणि मधे हा. आणि तो धबधबा, चार मजली उंचीवरून पाणी पडतंय आणि त्यात सूर मारणाऱ्या माणसांचे पुतळे लटकवलेत, त्याच्यापुढे फोटोला रांग असते. समुद्रात बुडी मारून मोती काढणाऱ्या लोकांची ती आठवण, असं तिथे सांगतात. मला तो धबधबा जास्त आवडतो कारण तेल सापडायच्या आधी ही सगळी किनारपट्टी मोत्यांवर जगायची, आणि ते मोती विकायला यायचे कुठे तर आपल्या मुंबईत. जपानचे कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम पिकवलेले मोती आले आणि १९३० च्या दशकात तो धंदा बसला. १९६६ पर्यंत तिकडे रुपयाच चालत होता, हेही मिस्टरांना सांगा, बरं वाटेल.

आता मॉलच का, तर हवामान बघा. मे ते सप्टेंबर बाहेर चाळीसच्या वर पारा आणि वर दमट. आपल्याकडे संध्याकाळी लोक चौपाटीवर, नाक्यावर, देवळाबाहेरच्या पारावर जातात तसं तिथे एसीत जातात, म्हणजे रस्ता, बाग आणि चौक सगळं छताखाली आणलंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर सरकारनेच सकाळी सात ते दहा मॉल चालायला आणि पळायला उघडून दिले होते. तेव्हा तिथे बाकावर बसून नुसती माणसं बघा अर्धा तास, सगळ्या देशांची बघायला मिळतात. हां, पण "जगातला सगळ्यात मोठा मॉल" असं टूरवाले सांगतात ते सोडून द्या, भाड्याने द्यायच्या जागेवर मोजलं तर चीनमधला एक त्याच्याहून मोठा आहे. डोंगगुआनचा, २००५ ला उघडला आणि कित्येक वर्षं जवळजवळ रिकामा पडून होता. मोठं बांधलं की लोक येतात असं नसतं. दुबईत मॉलच्या दारात बुर्ज खलिफा आहे आणि पुढे कारंजं आहे म्हणून येतात.

पूर्ण दुपार मात्र जास्त आहे. चारला जा, कारंजं बघून नऊपर्यंत बाहेर पडा.

प्रश्न: सासूबाई ७४ च्या आहेत, गुडघ्यांचा त्रास. मेट्रोने गेलं तर स्वस्त पडतं असं वाचलं. नेऊ का मेट्रोने? (कोल्हापूर)

उत्तर: नको. मेट्रो छान आहे, स्वच्छ आहे, रेड लाइनवर "बुर्ज खलिफा / दुबई मॉल" असं स्टेशनच आहे, पण स्टेशन म्हणजे मॉल नव्हे. स्टेशनपासून मॉलपर्यंत बंद एसी पूल आहे तो ८२० मीटरचा, सरकते पट्टे आहेत मधेमधे पण मधला भाग चालावा लागतोच, आणि गर्दी असली की पट्ट्यावर उभं राहायलाही नीट जागा नसते. आणि तिथून आत गेल्यावर खरं चालणं सुरू होतं! सासूबाई मॉलच्या दाराशीच दमतील आणि मग तुमची संध्याकाळ गेली. टॅक्सी करा, दारात सोडते, तिघं-चौघं असाल तर माणशी फार पडत नाही. आत गेल्या गेल्या गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर व्हीलचेअर मागा. मागायला लाजू नका हो, आपल्याकडे व्हीलचेअर म्हटलं की बायकांना वाटतं लोक काय म्हणतील, तिथे कोणी बघत नाही. परतीची टॅक्सी कारंज्याचा शो संपल्या संपल्या शोधू नका, सगळं गाव त्याच वेळी निघतं, एक चहा घ्या मग निघा.

तुम्ही बाकीचे मेट्रोने फिरणार असाल तर दोन गोष्टी. बायका-मुलांचा डबा वेगळा असतो, त्यात पुरुष चढले तर १०० दिरहम दंड, आणि डब्यात खाणं-पिणं केलं तरी तेवढाच. च्युइंगमसुद्धा नाही. आपल्या लोकांचा हात सवयीने चिवड्याच्या पुडीकडे जातो म्हणून सांगतेय.

प्रश्न: बुर्ज खलिफावर जायचं का खालूनच बघायचं? आणि कारंज्याचं तिकीट कुठे मिळतं? (कॉलेज ग्रुप, नाशिक)

उत्तर: कारंज्याला तिकीट नाही रे बाबांनो, कोणी विकायला आलं तर घेऊ नका. तिकीट असतं ते बोटीचं आणि पाण्याजवळच्या तरंगत्या फळीचं, ते ऐच्छिक. संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत दर अर्ध्या तासाला शो, पाच मिनिटांच्या आतबाहेर, आणि पाणी १५० मीटरपर्यंत उडतं म्हणजे ५० मजली बिल्डिंगएवढं. लास वेगासचं प्रसिद्ध कारंजं ज्या कंपनीने केलं तिनेच हे केलंय. २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी काही महिने बंद होतं, ऑक्टोबरपासून परत सुरू झालंय. पहिला शो कठड्याला चिकटून बघा, मग दुसरा लांबून बघा, शेजारच्या सूक अल बहारकडे (सूक म्हणजे बाजार) जाणाऱ्या पुलाच्या बाजूने. लांबून बघितलेला जास्त चांगला वाटतो, जवळून नुसते पुढच्याचे मोबाईल दिसतात.

बुर्ज खलिफाचं आत शिरायचं दार मॉलमध्येच आहे, खालच्या लेव्हलला. १२४-१२५ व्या मजल्याचं साधं तिकीट असतं, सूर्यास्ताच्या वेळेचं महाग. पैसे मोजून मापून आणले असतील तर माझं मत विचाराल तर वर जाऊ नका. वरून सगळं दिसतं फक्त बुर्ज खलिफा सोडून. त्या पैशात एक दिवस नीट जेवाल.

प्रश्न: तिथे वस्तू खरंच स्वस्त मिळतात का? आणि सोनं? (सोलापूर)

उत्तर: या मॉलमध्ये, नाही. सेल लागला असेल तर ब्रँडेड बूट, परफ्यूम, बॅगा यांत फरक पडतो, पण आधी इथली किंमत मोबाईलवर काढून ठेवा आणि मगच हात घाला. बिलात ५ टक्के व्हॅट असतो तो पर्यटकांना बराचसा परत मिळतो, एका दुकानात कमीतकमी २५० दिरहमची खरेदी हवी, पासपोर्ट दाखवून बिल बनवतानाच टॅक्स फ्री सांगायचं. पूर्ण नाही मिळत, ८५ टक्के मिळतो आणि वर थोडी फी कापतात. एअरपोर्टवर बॅगा चेक-इन करायच्या आधी तो काउंटर गाठायचा, नंतर नाही. इथेच लोक घोळ घालतात, बॅग पट्ट्यावर गेली की वस्तू दाखवणार कुठून.

सोनं मॉलमध्ये बघा आणि घ्यायचंच असेल तर देरा भागातल्या गोल्ड सूकला जा, तिथे घडणावळीत घासाघीस चालते. पण एक लक्षात ठेवा, दागिन्यांची ड्यूटी-फ्री सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्यांना आहे, चार रात्री राहून येणाऱ्यांना नाही. "सगळे आणतात हो" असं शेजारीण सांगेल. कस्टमवाल्यापुढे शेजारीण उभी नसते. आणि इथूनच अंगावर बरेच दागिने घालून जाणार असाल तर जातानाच कस्टममधून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या म्हणजे येताना वाद नको.

प्रश्न: मॉलमध्ये शाकाहारी मिळतं का? नाहीतर घरून दिवाळीचा फराळ घेऊन जाऊ का? (डोंबिवली)

उत्तर: मिळतं, फूडकोर्टात भारतीय काउंटर आहेत, डोसा-छोले सगळं. चव ठीक, भाव मॉलचा. बरं जेवण हवं तर बर दुबईला मीना बाजारच्या बाजूला किंवा करामाला जा.

फराळाचं मात्र नीट वाचा. खसखस यूएईमध्ये बंदी असलेली वस्तू आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून. म्हणजे अनारसे नाहीत, खसखस घातलेल्या सारणाच्या करंज्या नाहीत, डिंकाच्या लाडवात घातली असेल तर तेही नाहीत, मसाल्याच्या पुडीतसुद्धा बघा. चकली-शेव न्या खुशाल. तसंच कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची आणि दुखण्याची औषधं परवानगीशिवाय नेऊ नका, डॉक्टरांना विचारून पर्याय घ्या.

प्रश्न: शॉर्ट्स चालतात का? (पुणे)

उत्तर: मॉलच्या दारावर खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत अशी पाटी असते. आत सगळे पाळतात असं नाही, पण आपण पाळावं. आणि स्टोल ठेवाच, एसी असा असतो की बोटं गार पडतात.

प्रश्न: मी बरीच वर्षं करामात राहतो. तुम्ही लोक येता, मॉल बघता, बुर्जपुढे फोटो काढता आणि दुबई बघितली म्हणता, याचा राग येतो. निदान एखादा वेगळा मॉल तरी सांगा लोकांना! (एक वाचक, दुबई)

उत्तर: दादा, राग मान्य आहे. सांगते. एमिरेट्स मॉलमध्ये बर्फाचा उतार आहे, बाहेर ४५ आणि आत उणे १-२, तो लोकांना माहिती असतो. पण मला विचाराल तर इब्न बतूता मॉल. २००५ चा आहे, मेट्रोचं स्टेशन आहे, गर्दी कमी. चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा तो प्रवासी ज्या मुलखांतून फिरला त्यातले सहा घेऊन मॉलचे सहा भाग केलेत, अंदालुसिया, ट्युनिशिया, इजिप्त, पर्शिया, भारत आणि चीन. भारताच्या भागात हत्तीवरचं भलंमोठं घड्याळ आहे, अल-जझारी नावाच्या कारागिराने बाराव्या-तेराव्या शतकात ज्याची रचना लिहून ठेवली त्यावरून बनवलेलं, आणि चीनच्या भागात अख्खं जहाज उभं आहे. दिखाऊ आहे सगळं, प्लास्टर आणि रंग, पण पोरांना गोष्ट सांगत फिरवता येतं. आणि गोष्ट आपल्याकडचीही आहे, कारण हा इब्न बतूता आपल्या दौलताबादला येऊन गेलाय, आणि किल्ल्याच्या कैदखान्यात मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत असं लिहून ठेवलंय त्याने. मॉलच्या भारत विभागात उंदरांचा उल्लेख माझ्या तरी नजरेला पडला नाही!

आणि मॉलबाहेरचं म्हणाल तर १ दिरहम देऊन अब्रा, म्हणजे ती लाकडी होडी, तिच्यातून खाडी ओलांडायची, बर दुबईकडून देराला. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. चिंचवडच्या वाचकांनो, तुमच्या पॅकेजमध्ये हे नसेल तर टूरवाल्याला आत्ताच फोन करा, ऐनवेळी तो "वेळ नाही" म्हणतो.