स्वप्नं इतकी विचित्र का पडतात आणि उठल्यावर लगेच का विसरतात?

डोळे मिटलेले असतानाही बुबुळं भराभर हलतात, अशी झोपेची एक अवस्था असते. तिला ‘रेम’ म्हणतात. शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 साली ती मांडली. ठळक, चित्रविचित्र स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. त्या वेळी मेंदूतला भावनांचा भाग जोरात चालू असतो, तर तर्क लावणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. म्हणून केळीच्या बागेत रेल्वे शिरली तरी स्वप्नात काहीच वावगं वाटत नाही! आठवण पक्की करायला मदत करणारं नॉरएपिनेफ्रिन हे मेंदूतलं रसायन याच अवस्थेत अगदी कमी असतं, म्हणून स्वप्न टिकत नाही.

मधेच जाग आली तर मात्र हाती लागतं. आमच्या जळगावकडे शेतीची लाईट कित्येकदा रात्री येते. मोटर चालू करायला अर्ध्या झोपेतून उठलेला माणूस बांधावर उभा राहून अख्खं स्वप्न सांगतो, आणि रात्रभर गाढ झोपलेला म्हणतो, मला स्वप्नंच पडत नाहीत. पडतात हो, त्यालाही पडतात. मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उकाड्याने कूस बदलत झोपणाऱ्यांनाही जास्त आठवतात, ते त्यामुळेच.

लक्षात ठेवायचं असेल तर जाग आल्यावर हलू नका, डोळे मिटलेलेच ठेवा. शेवटचं चित्र धरून मागे मागे जा, मग दोन-चार शब्द वहीत लिहा. मोबाईल आधी बघितला की संपलं. पहाटेची स्वप्नं सर्वांत सोपी, कारण तेव्हा रेमची अवस्था लांबत जाते.