एलएलबीला घटना आणि प्रशासकीय कायदा पाठ होतो, पण समजत नाही. कसा अभ्यासू?

कलम कुठून आलं ते आधी बघा. कलम 21 मध्ये, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात, अमेरिकेचं 'ड्यू प्रोसेस' (प्रक्रिया न्याय्यही हवी, हा निकष) घ्यायचं घटनाकारांनी टाळलं. 1950 च्या गोपालन खटल्यात अर्थ अरुंदच राहिला, 1978 च्या मनेका गांधी निकालाने तो रुंदावला.

मग आपल्या मुंबईचा 1985 चा ओल्गा टेलिस निकाल सावकाश वाचा. पालिकेच्या 1888 च्या कायद्यातलं कलम 314 नोटीस न देता फुटपाथवरची झोपडी हटवू देतं. कोर्टाने कलम टिकवलं, पण एरवी आधी म्हणणं ऐकाच, असं बजावलं. आणि पावसाळा संपून महिना होईपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, झोपड्यांना हात लावू दिला नाही!

सोबत इंग्लंडचा 1963 चा रिज विरुद्ध बाल्डविन निकाल ठेवा. तिथे पोलीसप्रमुखाला बाजू न ऐकताच बडतर्फ केलं होतं.